पाच कागद आणि एक मोटारसायकल : बीजिंग ते शिजियाझुआंग

शुक्रवार, २५ ऑक्टोबर २०१९ : छांगपिंग ते यूश्येन

पहाटे साडेपाचला निघायचे ठरवले होते, पण कागदांची पिशवी तीनदा उघडून पाहण्यात सव्वासहा वाजले. पिशवीत पाच गोष्टी होत्या : पासपोर्ट, राहत्या पत्त्याची पोलीस चौकीत झालेल्या नोंदीची चिठ्ठी, चिनी वाहन परवाना, गाडीचे नोंदणीपत्र आणि सक्तीच्या विम्याचा कागद. नाशिकला कॉलेजात असताना बाबांची बजाज मी सहा महिन्यांच्या शिकाऊ परवान्यावर चार वर्षे चालवली. पुढे मोटारीचा पक्का परवाना काढला आणि दुचाकीचा काढायचा राहूनच गेला. चौकात मामा दिसला की आधीच्या गल्लीत वळायचे, एवढाच काय तो माझा वाहतुकीच्या कायद्याशी संबंध होता. तोच मी परक्या देशात पाचही कागद जवळ आहेत ना याची खात्री करत दारात पाऊण तास घुटमळतो आहे, हे बाबांना सांगितले असते तरी पटले नसते.

जायचे होते हबेई प्रांतातल्या तांगश्येनला आणि तिथून शिजियाझुआंगला. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी आयुष्याची अखेरची वर्षे ज्या डोंगराळ मुलखात काढली तो तांगश्येन परगणा, आणि त्यांची समाधी आहे ते शिजियाझुआंग शहर. तिकडे बीजिंगहून आगगाडीने आणि बसने आरामात जाता येते. पण ऑगस्टमध्ये गाडी दारात आल्यापासून ती कार्यालय आणि भाजीबाजार यांपलीकडे गेली नव्हती, आणि दिवाळीला घरी जाणे यंदाही जमणार नव्हते. तेव्हा शनिवार-रविवारला तीन दिवसांची रजा जोडून निघालो.

मी बीजिंगच्या उत्तरेला छांगपिंग जिल्ह्यात राहतो, आणि माझ्या गाडीच्या दृष्टीने ते सोयीचे आहे. बीजिंगमध्ये मोटारसायकलींच्या नंबरप्लेट दोन प्रकारच्या असतात. ‘जिंग ए’ असलेल्या गाडीला काही मोजके रस्ते सोडले तर शहरात फिरता येते, पण या पाट्या नव्याने निघत नाहीत; कोणाची तरी जुनी गाडी पाटीसकट विकत घ्यावी लागते, आणि तिथे गाडीपेक्षा पाटीचीच किंमत कितीतरी जास्त असते. ‘जिंग बी’ ची पाटी रीतसर कागद दिले की मिळते, मात्र ती लावलेल्या गाडीला चौथ्या रिंगरोडवर आणि त्याच्या आत चाक टाकायची बंदी आहे. माझी पाटी अर्थात ‘बी’ ची. त्यामुळे भारतीय दूतावासात काम निघाले की मी मेट्रोने जातो, आणि बीजिंगमध्ये मोटारसायकल बाळगूनही आजवर मी तिच्यावरून बीजिंग म्हणून जे कोणी ओळखते त्यातले काहीही पाहिलेले नाही.

शहराला पश्चिमेकडून वळसा घालून मेंथौगोऊजवळ राष्ट्रीय महामार्ग १०९ ला लागलो तेव्हा ऊन डोंगरावर आले होते. हाच रस्ता पुढे थेट ल्हासापर्यंत जातो. परदेशी माणसाला तिबेटात परवान्यावाचून आणि वाटाड्यावाचून एकट्याने असे गाडी घेऊन जाता येत नाही, म्हणून किलोमीटरच्या दगडांवरचा तो आकडा नुसता वाचत गेलो. द्रुतगती मार्ग मी मुद्दामच टाळले होते. केंद्राच्या नियमात तिथे मोटारसायकलला ताशी ८० किलोमीटरपर्यंत मुभा आहे आणि मागे माणूस बसवायला मनाई आहे; परंतु कित्येक प्रांतांनी स्वतःच्या अधिकारात मोटारसायकलींना सरसकट बंदी केली आहे, आणि शिवाय परवाना मिळाल्यानंतरचे पहिले १२ महिने उमेदवारीचे असल्याने जाणत्या चालकाच्या सोबतीशिवाय मला तिकडे फिरकताच येत नव्हते. त्यामुळे फोनवरच्या नकाशाला ‘द्रुतगती मार्ग टाळा’ असे बजावून ठेवले होते.

जायथांगच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या बाईंनी हाताच्या खुणेनेच मला दहा पावले अलीकडे अडवले, इंजिन बंद करायला लावले, आणि आतून पत्र्याची एक लांब चोचीची किटली आणली. पंपाची नळी मोटारसायकलच्या टाकीत घालायची नाही, असा इथल्या पुष्कळ पंपांवरचा शिरस्ता आहे. तापलेल्या इंजिनाच्या इतक्या जवळ नळी नको, असे त्याचे कारण सांगतात. नळीने किटली भरायची, ती गाडीपर्यंत वाहून न्यायची आणि देवळात अभिषेक घालावा तशी सावकाश टाकीत रिकामी करायची. दोन किटल्या आणि वर थोडेसे असे ९२ नंबरचे पेट्रोल बसले. मग त्यांनी ओळखपत्र मागितले. चिनी नागरिकाचे कार्ड यंत्रावर टेकवले की काम भागते. माझा पासपोर्ट त्यांनी चारही बाजूंनी टेकवून पाहिला, यंत्राने काही हूं की चूं केले नाही, तेव्हा एका वहीत माझे नाव रोमन अक्षरांत चित्र काढल्यासारखे उतरवून घेतले आणि गाडीचा नंबर लिहिला.

पुढच्या वळणावर चहाच्या टपरीवजा दुकानाशी सात-आठ मोठ्या गाड्या उभ्या होत्या. १०९ हा बीजिंगच्या मोटारसायकलवाल्यांचा लाडका घाट आहे, आणि सुटीच्या दिवशी तिथे जत्राच असते. चामडी कोट घातलेल्या एका गृहस्थांनी माझ्या १५० सीसीच्या, हाओज्युए या चिनी कंपनीच्या गाडीकडे कौतुकाने, मग माझ्याकडे संशयाने पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, “परवाना आहे?” प्रश्नात राग धरण्यासारखे काही नव्हते. बिनपरवाना, बिननंबरप्लेटची गाडी फिरवणारे परदेशी ही बीजिंगमध्ये इतकी जुनी ओळखीची जात आहे, की कागद जवळ असलेला परदेशी दिसला की लोकांना तोच नवल वाटतो. मी परवाना काढून दाखवला. तो हातोहात फिरला.

त्या परवान्याला सात महिने लागले. चीन आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मानत नाही, त्यामुळे आर.टी.ओ.तून हौसेने आणलेली ती करड्या रंगाची पुस्तिका इथे शोभेची ठरते. आपल्या देशातला परवाना असल्यास त्याचे अधिकृत चिनी भाषांतर, डोळे-कान-हातपाय तपासल्याचा दाखला, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो आणि रहिवासी परवाना घेऊन जायचे आणि संगणकावर लेखी परीक्षा द्यायची : ४५ मिनिटांत १०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ९० गुण. परीक्षा इंग्रजीतून देता येते, पण ते इंग्रजी परीक्षेसाठीच जन्माला आलेले आहे. अपघातात जखमी झालेल्याचे आतडे पोटाबाहेर आले तर ते आत ढकलावे, की त्यावर वाडगे झाकून वरून कापडाने बांधावे, असाही एक प्रश्न त्या संचात आहे. वाडगे झाकावे, हे उत्तर. पहिल्या खेपेला मला ८८ मिळाले. दुसऱ्या खेपेला पास झालो, आणि हाती आलेल्या काळ्या पाकिटातल्या परवान्यावर ‘सी१’ एवढेच लिहिलेले होते, म्हणजे मोटार. भारतीय परवान्यात दुचाकीच नव्हती, तर ती चिनी परवान्यात कुठून येणार? नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या गल्ल्यांमध्ये वाचवलेला वेळ असा व्याजासकट फेडावा लागला.

मग प्रशिक्षण केंद्रात नाव घातले. इथे मोटारसायकलींचे तीन वर्ग आहेत : ‘डी’ म्हणजे तीनचाकी, ‘ई’ म्हणजे मोठी दुचाकी आणि ‘एफ’ म्हणजे ५० सीसीपर्यंतची हलकी गाडी. ‘डी’ मिळाला की उरलेले दोन्ही त्यात येतात, म्हणून शहाणे लोक ‘डी’ च काढतात. पण त्याची परीक्षा तीनचाकीवर द्यावी लागते. गुरुजींनी मैदानात आणून उभी केलेली मालवाहू तीनचाकी पाहिली आणि मला हसू आवरेना. क्लच, गिअर, हॅंडल, सगळा थाट आपल्या रिक्षाचा. दुचाकीवर वळताना अंग कलते, तीनचाकीवर तसे कलले की आतले चाक उचलते, हे अंगवळणी पडायला मला चार दिवस लागले. खांबांमधून नागमोडी जाणे, चढावर नेमक्या रेघेवर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे, मग रस्त्यावरची परीक्षा आणि शेवटी पुन्हा लेखी. थोडक्यात, मोटारसायकल चालवण्याचा हक्क मी रिक्षा चालवून मिळवला.

हे सारे मी त्या चहाच्या दुकानात माझ्या मोडक्या चिनीत सांगितले. चामडी कोटवाल्या गृहस्थांना त्यातले रिक्षाचे प्रकरण फार आवडले.

हबेईच्या हद्दीत शिरल्यावर कोळशाचे ट्रक सुरू झाले, आणि यूश्येनला पोचेपर्यंत हातमोज्यांचा रंग ओळखू येईना. गावात पहिल्या दोन हॉटेलांनी नकार दिला. त्यात तुसडेपणा नव्हता. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते, ती संगणकात कशी करतात हे काउंटरवरच्या मुलीला ठाऊक नव्हते, आणि विचारायला मालक जागेवर नव्हते. तिसऱ्या ठिकाणी नोंद झाली, खोली मिळाली आणि गाडी रखवालदाराने थेट स्वागतकक्षाच्या काचेला लावून घेतली. धनत्रयोदशी होती. दिवा नव्हता, हेडलाइट पुसला.

शनिवार, २६ ऑक्टोबर : यूश्येन ते तांगश्येन

यूश्येनचे राळे प्रसिद्ध आहेत. सकाळी त्याची पिवळीधमक पेज दोन वाडगे प्यालो, आणि बोटे पुन्हा हॅंडल धरण्याजोगी झाली. बाहेर गाडीच्या सीटवर दहिवर गोठलेले होते.

यूश्येनहून दक्षिणेला लाईयुआनकडे जाणारा जुना रस्ता फेइहू नावाच्या खिंडीतून जातो. फेइहू म्हणजे उडता कोल्हा. ताईहांग पर्वत ओलांडायच्या ज्या आठ प्राचीन वाटा सांगतात त्यांतली ही एक. वीसेक किलोमीटर रस्ता दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांमधून वळवळत जातो. काही ठिकाणी कडे इतके जवळ येतात की आभाळाची नुसती पट्टी उरते आणि आपल्याच सायलेन्सरचा आवाज पुढून ऐकू येतो. तिथे मी उजवीकडून गाडी चालवतो आहे हे विसरलो. शहरात पुढच्या गाडीमागे जायचे असते म्हणून बाजू चुकत नाही. रिकाम्या घाटात, छान वळण साधल्याच्या आनंदात, शरीर आपोआप नाशिकच्या बाजूला जाते. समोरून आलेल्या ट्रकवाल्याने लांबूनच भोंगा वाजवला म्हणून बरे झाले. पुढचा अर्धा तास प्रत्येक वळणावर मी मोठ्याने “उजवीकडे, उजवीकडे” म्हणत होतो.

लाईयुआनच्या बाहेर वाहतूक पोलिसांचा नाका लागला. गल्ली नव्हती, आणि असती तरी वळायचे कारण नव्हते. तरुण हवालदाराने सलाम ठोकून परवाना मागितला, पहिल्याच पानावर अडला, कारण परवान्याचा क्रमांक म्हणून जिथे चिनी नागरिकाचा ओळखक्रमांक असतो तिथे माझा पासपोर्ट क्रमांक छापलेला आहे. (पासपोर्ट बदलला की परवानाही बदलून घ्यावा लागतो, नाहीतर दोन्ही खरे असून एकमेकांना ओळख देत नाहीत.) मग त्याने नोंदणीपत्रावरचा गाडीचा फोटो आणि गाडी ताडून पाहिली, खाली वाकून चेसिसचा नंबर वाचला आणि विचारले, “गाडी स्वतःची?”

स्वतःची. त्या दोन शब्दांसाठी ऑगस्टमधला एक अख्खा दिवस गेला होता. माझ्या कार्यालयातल्या एका परदेशी सहकाऱ्याने त्याआधी निम्म्या किमतीत जुनी गाडी घेतली होती, वर ‘कागद नंतर बघू’ असे आश्वासनही घेतले होते. इथे कागद नंतर बघता येत नाहीत. कारखान्याचे प्रमाणपत्र आणि सरकारी नमुन्यातले विक्रीचे बिल हे दोन मूळ कागद हरवलेली गाडी पुढे कोणाच्याच नावावर चढत नाही. ती कायमची अनाथ. त्याची गाडी तिसऱ्या महिन्यात जप्त झाली. ते पाहून मी नवी गाडीच घ्यायची ठरवले, आणि तीही १५० सीसीच्या आतली, कारण १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या वाहन खरेदी कराच्या कायद्यात १५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर कर नाही. त्याहून मोठ्या गाडीला मूल्यवर्धित कर वगळून उरलेल्या किमतीच्या १० टक्के भरावे लागतात. नोंदणी कार्यालयाच्या आवारात एक म्हातारे गृहस्थ छोट्या स्टुलावर बसलेले होते. त्यांनी चेसिसवरचे ग्रीस चिंधीने पुसले, कोरलेल्या नंबरावर पातळ कागदाची पट्टी चिकटवली आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासली. एकेक अंक काळ्यातून पांढरा वर येत गेला, लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो अगदी तसा. इंजिनाच्या नंबराचीही तशीच पट्टी काढली. संगणकाच्या जमान्यात ते दोन कपटे अर्जावर डकवले जातात, आणि गाडी हीच ती गाडी असे ठरते. दुपारी काळ्या अक्षरांची पिवळी पाटी हातात पडली.

हवालदाराला मी एवढेच म्हणालो, “हो, स्वतःची. नवीन आहे.” कुठे निघालात, असे त्याने विचारले. तांगश्येन, के दिह्वा. कोटणीसांचे हे चिनी नाव. त्याने परवाना दोन्ही हातांनी परत दिला आणि पुढे वाळू सांडलेली आहे, जपून जा, असे सांगितले. वाळू खरोखरच होती.

तांगश्येनच्या हद्दीत दाओमाग्वान ही खिंड लागते. चिनी भिंतीच्या आतल्या रांगेवरच्या तीन मोठ्या खिंडींपैकी ही एक, आणि नावाचा अर्थ ‘घोडा कोलमडतो ती खिंड’. वाट इतकी बिकट की घोडे कोसळायचे. सपाट डांबरी रस्त्यावर, पाय टेकवून गाडी वळवून घेताना, माझी गाडी तिथेच स्टँडशिवाय कलंडली. क्लचचा दांडा वाकला, आरसा शाबूत राहिला. आजूबाजूला पाहायला कोणी नव्हते.

रविवार, २७ ऑक्टोबर : तांगश्येन आणि गेगोंग

सकाळी गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात क्लचचा दांडा सरळ करून घेतला. दुकानदाराने लोखंडी नळी दांड्यावर चढवून एकाच दमात, मोजून मापून, तो मूळ जागी आणला. मी घाबरून डोळे मिटले होते. मग बेथून-कोटणीस स्मारक पाहायला गेलो. बेथून म्हणजे नॉर्मन बेथून, कोटणीसांच्या आधी याच मुलखात जखमींवर उपचार करणारे कॅनडाचे शल्यविशारद.

कोटणीस १९३८ मध्ये, चीनचे जपानशी युद्ध चालू असताना, पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला आले. बाकीचे परतले, ते राहिले. बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले, १९४१ मध्ये तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचे लग्न झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, याच परगण्यातल्या गेगोंग गावी अपस्माराच्या झटक्याने ते गेले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. त्याचे नाव यिनह्वा : ‘यिन’ भारताचे आणि ‘ह्वा’ चीनचे. हे सगळे शाळेच्या पुस्तकात वाचलेले होते. पुस्तकात जे नव्हते ते कालपासूनच्या रस्त्याने सांगितले : या डोंगरांतून जखमींना घेऊन, शत्रूला चुकवत, रुग्णालय एका गावातून दुसऱ्या गावात हलवायचे म्हणजे काय, हे आगगाडीने आलो असतो तर समजले नसते.

दुपारी गेगोंगला गेलो. मक्याची कणसे घरांच्या सपाट छपरांवर वाळत होती आणि रस्त्याच्या एका अंगालाही पसरलेली होती, त्यामुळे गाडी ढकलतच न्यावी लागली. एका ओसरीवर बसलेल्या आजोबांनी आधी गाडीची पाटी वाचली, मग मला विचारले, “बीजिंगहून या चाकांवर?” मी मान डोलावली. कुठला, या प्रश्नावर भारताचे नाव सांगितले तेव्हा त्यांनी न बोलता आत जाऊन एक स्टूल आणले. तासभर बसलो. त्यांची बोली मला निम्मी कळली, माझी त्यांना पावही नाही. के दिह्वा हे नाव मात्र दोघांच्याही बोलण्यात येत राहिले. निघताना त्यांनी ओंजळभर बोरे माझ्या कोटाच्या खिशात कोंबली. ती लाल, सुरकुतलेली बोरे त्या रात्री खोलीत, लक्ष्मीपूजनाच्या वेळी, पिशवीतल्या पाच कागदांवर ठेवून नमस्कार केला. आपल्याकडे चोपड्या पुजतात. माझ्याजवळ ते होते.

सोमवार, २८ ऑक्टोबर : शिजियाझुआंग

अंतर थोडे, रस्ता सपाट, सांगण्यासारखे काही नाही. प्रश्न होता तो शहरात शिरण्याचा. मोटारसायकलींच्या बाबतीत चीन हा एक देश नसून शेकडो शहरे आहेत. ग्वांगझोऊने १ जानेवारी २००७ पासून शहरात मोटारसायकल पूर्ण बंद केली. शियानने उलट डिसेंबर २०१७ मध्ये जुनी बंदी उठवून पाहिली. शांघायला ‘ए’ पाटीची किंमत काही लाख युआन आहे आणि ‘सी’ पाटीला आतल्या भागात मज्जाव आहे. आणि चोंगछिंगला, जिथे लिफान, झोंगशेन, लोंगशिन यांचे कारखाने आहेत, मोटारसायकल हे अगदी साधे रोजचे वाहन आहे. बाहेरगावच्या पाटीला कुठल्या रस्त्यावर कितीपर्यंत जाता येते याचा शोध घेत बसण्यापेक्षा मी सोपा मार्ग धरला : शहराबाहेरच्या हॉटेलात गाडी लावली आणि मेट्रोने गेलो.

हॉटेलच्या आवारात माझी एकटी पेट्रोलवर चालणारी होती; बाकी सगळ्या विजेच्या. इथे नवखा परदेशी हमखास फसतो, कारण त्याला वाटते की विजेची म्हणजे सायकलच. १५ एप्रिल २०१९ पासून तेव्हा लागू असलेल्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे पायडल असलेली, ताशी २५ किलोमीटरपर्यंत जाणारी, ५५ किलोच्या आतली आणि ४०० वॉटपर्यंतच्या मोटरची असेल तरच ती सायकल ठरत होती. त्यापलीकडची प्रत्येक गाडी मोटारसायकलच्या वर्गात मोडते आणि तिला परवाना, पाटी, विमा सगळे लागते. आवाज न करणारी गाडी निरुपद्रवी दिसते, एवढाच फरक.

मेट्रोच्या पहिल्या मार्गावर ‘हुतात्मा स्मशानभूमी’ याच नावाचे स्थानक आहे. आत सुरूच्या झाडांच्या रांगा, सकाळचा व्यायाम उरकून घरी निघालेली म्हातारी माणसे, आणि कोटणीसांचा पांढरा पुतळा. बेथून यांची समाधीही याच आवारात आहे. कोणीतरी ठेवलेली शेवंतीची फुले ताजी होती. चीनमध्ये पांढरी आणि पिवळी शेवंती मृतांना वाहतात. आपल्याकडे पाडव्याच्या तोरणात तीच असते. मी खिशात उरलेली गेगोंगची बोरे तिथे ठेवली आणि बराच वेळ नुसता उभा राहिलो. हेल्मेट काखेत होते. एका आजींनी ते कशासाठी, असे विचारले, बीजिंगहून मोटारसायकलवर आलो म्हटल्यावर “मग ती कुठे आहे?” असे त्यांनी विचारले, आणि नियमांमुळे शहराबाहेर ठेवली आहे हे सांगितल्यावर त्या एकदम खूश झाल्या.

मंगळवार, २९ ऑक्टोबर : महामार्ग १०७ ने परत

तीनशे किलोमीटर, अकरा तास, आणि मोजायचे सोडून दिले इतके सिग्नल. महामार्ग १०७ हा गावांमधून, बाजारांमधून, दिंगझोऊ आणि बाओदिंगच्या कडेने जातो, आणि डावीकडे ट्रक, उजवीकडे विजेच्या गाड्या अशा दोन पात्यांच्या कात्रीत मोटारसायकलला चालावे लागते. अशा रस्त्यावर विम्याचा विचार आपसूक मनात येतो. सक्तीचा विमा स्वस्त आहे : ५० ते २५० सीसीच्या गाडीला वर्षाला १२० युआन, त्यावरच्या गाडीला ४००. पण त्यातून २०१९ मध्ये दुसऱ्याला जास्तीत जास्त १,२२,००० युआन मिळत, आणि मोठ्या अपघातात तेवढ्याने काहीच होत नसे. मोटारसायकलला ऐच्छिक विमा द्यायला कंपन्या नाखूश असतात. मला चौथ्या ठिकाणी मिळाला, तोही प्रशिक्षण केंद्रातल्या गुरुजींनी फोन केल्यावर. बाओदिंगजवळ एका विजेच्या गाडीवाल्याने न पाहता आडवी गाडी घातली, मी दोन्ही ब्रेक दाबले, आणि हातभर अंतर राहिले. तो निघून गेला. मी रस्त्याच्या कडेला थांबून पाणी प्यालो.

बीजिंगच्या हद्दीवरच्या नाक्यावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मोटारींची रांग भराभर पुढे सरकत होती, कारण तिथेही कार्ड यंत्राला टेकवले की झाले. मला बाजूला घेतले. पासपोर्ट, परवाना, नोंदणीपत्र, विमा, आणि या वेळी पत्त्याच्या नोंदीची चिठ्ठीसुद्धा, म्हणजे पाचही कागद पाच दिवसांत पहिल्यांदाच एकदम बाहेर आले. अधिकाऱ्याने टॉर्चच्या उजेडात ते पत्त्यांसारखे हातात धरले, शेवटी पाटीवर प्रकाश टाकला आणि म्हणाला, “बी आहे. चौथ्या रिंगरोडच्या आत जायचे नाही, ठाऊक आहे ना?” ठाऊक आहे, म्हटले. शहराचे दिवे समोर दिसत होते. मी डावीकडे वळून लांबचा रस्ता धरला.

घरी पोचून ताईला फोन लावला. भाऊबीज होती, आणि तिने फोनच्या पडद्यालाच ओवाळले. प्रवासाचे सगळे ऐकून झाल्यावर तिने सहज सांगितले, की बाबांची बजाज अजून जिन्याखाली उभी आहे, आणि तिचा मुलगा आता कॉलेजात जायला लागल्यापासून तिच्यावर डोळा ठेवून आहे. मी विचारले, “तिचे आर.सी. बुक कुठे आहे? विमा कधीपासून भरलेला नाही?” पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ताई इतकी हसली की बाबा काय झाले म्हणून विचारायला बाहेर आले.